कोपरगाव १९५७ : खुल्या जागेवरचा हत्ती

शिर्डी लोकसभा मतदारसंघ २००९ पासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. त्यानंतर २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ अशा चार निवडणुका झाल्या. चारही वेळा अनुसूचित जातीचाच माणूस खासदार झाला, कारण कायद्याने दुसरा कोणी होऊच शकत नव्हता. पण आंबेडकरी पक्षाच्या झेंड्याखाली एकही निवडून आला नाही. चारही वेळा शिवसेना जिंकली, शेवटच्या वेळी त्या फुटलेल्या सेनेतला एक गट जिंकला. आता याच्या उलट चित्र पाहा. नगर जिल्ह्याच्या याच उत्तर भागातून १९५७ साली शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनचा उमेदवार हत्ती या निशाणीवर लोकसभेत गेला होता. तेव्हा जागा राखीव नव्हती. कोणी आपल्यासाठी सोडून दिलेली नव्हती. सर्वसाधारण जागा होती, सगळ्या जातींच्या उमेदवारांना मोकळी होती. मतदारसंघाचे नाव कोपरगाव आणि खासदाराचे नाव बापू चंद्रसेन कांबळे, म्हणजे आपले बॅ. नव्हे, साधे वकील बी. सी. कांबळे.

राखीव असताना हरतो आणि राखीव नसताना जिंकतो, हा काय प्रकार आहे? आपल्या तरुण कार्यकर्त्यांपैकी अनेकांना बी. सी. कांबळे हे नाव फक्त रिपब्लिकन पक्षाच्या फुटीच्या संदर्भात माहीत असते. फार तर त्यांनी लिहिलेले बाबासाहेबांचे अनेक खंडांचे चरित्र माहीत असते. ते नगर जिल्ह्यातून खासदार होते हे सांगितले, की खुद्द नगरचा कार्यकर्ता आश्चर्याने पाहतो. म्हणून हा विषय आज घेतला आहे. जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, पण त्याचा हा इतिहास नाव बदलण्याच्या कितीतरी आधीपासून पुसला गेला आहे.

नगर जिल्ह्यातली आपली पहिली निवडणूक त्याहून वीस वर्षे मागची. १९३२ च्या पुणे कराराने स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि राखीव जागा आल्या. १९३५ च्या कायद्याखाली १९३७ मध्ये मुंबई इलाख्याच्या विधानसभेची निवडणूक झाली. १७५ जागांपैकी १५ अस्पृश्यांसाठी राखीव होत्या. बाबासाहेबांनी आदल्याच वर्षी स्थापन केलेला स्वतंत्र मजूर पक्ष रिंगणात उतरला. खुद्द बाबासाहेब मुंबईतून १३,२४५ मते घेऊन आले. काँग्रेसने त्यांच्यासमोर प्रसिद्ध क्रिकेटपटू पी. बाळू यांना उभे केले होते. नाशिकमधून दादासाहेब गायकवाड आले आणि नगर दक्षिणमधून प्रभाकर जनार्दन रोहम आले. नगर जिल्ह्याच्या आंबेडकरी राजकारणाचा पाया रोहम यांच्या पिढीने घातला.

पण १९३७ चे यश समजून घ्यायचे तर मतदानाची पद्धत पाहिली पाहिजे. तेव्हा एका मतदारसंघात दोन-तीन जागा असत आणि जितक्या जागा तितकी मते प्रत्येक मतदाराला असत. मुंबई इलाख्यात ही सगळी मते एकाच उमेदवाराला देण्याची मुभा होती. म्हणजे आपल्या माणसाने ठरवले, तर तो आपली तिन्ही मते आपल्याच उमेदवाराच्या पारड्यात टाकू शकत होता. संख्येने थोडा असलेला समाज एकजुटीने उभा राहिला, तर त्याला ही पद्धत तारून नेत होती. या पद्धतीचे मोल बाबासाहेबांना पक्के ठाऊक होते.

स्वातंत्र्यानंतर ती मुभा गेली. १९५२ आणि १९५७ मध्ये अनुसूचित जातींची राखीव जागा द्विसदस्य मतदारसंघात असे. मतदाराला दोन मते होती, पण दोन्ही एकालाच देता येत नव्हती. परिणाम काय झाला हे आपण सगळे जाणतो. १९५२ मध्ये उत्तर मुंबईत बाबासाहेबांना १,२३,५७६ मते पडली, काँग्रेसचे काजरोळकर १,३८,१३७ मतांनी निवडून आले आणि ७४,३३३ मते बाद ठरली. घटनेचा शिल्पकार ज्या राखीव जागेवर हरला, ती जागा भरण्याचा अधिकार कोणाच्या हाती होता, हे त्या दिवशी साऱ्या देशाने पाहिले. पुढे १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही तेच झाले.

या अनुभवातून फेडरेशनने एक निर्णय घेतला, जो आज सांगितला तर आपलेच लोक दचकतात. १९५५ मध्ये फेडरेशनच्या कार्यकारिणीने कायदेमंडळांतल्या राखीव जागा रद्द कराव्यात, असा ठराव केला. नोकरी आणि शिक्षणातल्या सवलतींचा त्यात संबंध नव्हता. प्रश्न फक्त राजकीय राखीव जागांचा होता. या जागांवर आपल्या समाजाचा प्रतिनिधी बसत नाही, दुसऱ्यांना हवा असलेला आपल्या जातीचा माणूस बसतो, हा त्यामागचा निष्कर्ष.

त्यानंतर वर्षभरात दुसरी गोष्ट घडली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. त्या काळच्या कायद्यानुसार जो बौद्ध झाला तो अनुसूचित जातीच्या यादीतून बाहेर गेला. राखीव जागेवर उभे राहण्याचा हक्कच त्याला उरला नाही. हा हक्क परत मिळायला १९९० साल उजाडावे लागले. म्हणजे १९५७ च्या निवडणुकीला सामोरे जाताना आपल्या माणसांसमोर सरळ पेच होता. बौद्ध म्हणून ताठ मानेने उभे राहायचे असेल तर खुल्या जागेवरच उभे राहावे लागणार होते. त्यातच ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले आणि अवघ्या अडीच-तीन महिन्यांत मतदान आले. पोरका झालेला पक्ष, खिशात पैसा नाही, जागा खुली. कोणताही शहाणा राजकारणी म्हणाला असता, की लढूच नका.

मग कोपरगाव कसे जिंकले?

उत्तर संयुक्त महाराष्ट्र समितीत आहे, पण ते उत्तर अर्धेच आहे. फेब्रुवारी १९५६ मध्ये स्थापन झालेल्या समितीत फेडरेशन हा घटक पक्ष होता. शेतकरी कामगार पक्ष होता, कम्युनिस्ट होते, समाजवादी होते. गोळीबारात माणसे मेली होती आणि पश्चिम महाराष्ट्रातला मराठा शेतकरी काँग्रेसवर खवळला होता. समितीच्या उमेदवाराला मत द्यायचे एवढेच त्याने ठरवले होते. त्या मताबरोबर नाशिकहून दादासाहेब गायकवाड, खेडहून बी. डी. साळुंखे, कोपरगावहून बी. सी. कांबळे आणि सीमाभागातल्या चिकोडीहून डी. ए. कट्टी असे फेडरेशनचे खासदार खुल्या जागांवरून दिल्लीला गेले. शेजारच्या अहमदनगर मतदारसंघातून समितीच्याच पाठिंब्यावर र. के. खाडिलकर गेले. त्या वर्षी नगर जिल्ह्याच्या दोन्ही जागा काँग्रेसच्या हातून गेल्या.

उरलेले अर्धे उत्तर नगरच्या मातीत शोधावे लागते. गोदावरी आणि प्रवरेच्या कालव्यांमुळे इथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ऊस आला. भंडारदऱ्याचे धरण १९२६ चे. बेलापूर, टिळकनगर, चांगदेवनगर, साकरवाडी असे खासगी साखर कारखाने उभे राहिले. या कारखान्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडाने घेतल्या आणि पुढे खंडकऱ्यांचा प्रश्न पिढ्यान् पिढ्या चिघळत राहिला. म्हणजे इथला मराठा, माळी शेतकरी हा कारखानदाराविरुद्ध भांडणारा होता. आपला माणूस त्याच कारखान्याच्या मळ्यात मजूर होता. लाल बावट्याचे काम जिल्ह्यात जोरात होते, दत्ता देशमुखांसारखा माणूस शेतकरी आणि मजूर दोघांनाही एका सभेत बसवू शकत होता. प्रवरेचा सहकारी कारखाना नुकताच सुरू झाला होता, पण सहकार अजून सत्ता झाला नव्हता. गावातला बागायतदार आणि गावकुसाबाहेरचा मजूर यांच्यात प्रेम होते असे मी म्हणणार नाही. पाणवठा तेव्हाही वेगळाच होता. पण दोघांचाही शत्रू त्या घटकेला एकच होता आणि हत्तीला मत दिल्याने आपले काही जाते असे शेतकऱ्याला वाटले नाही.

आणि एक तांत्रिक वाटणारी, पण फार मोलाची गोष्ट. १९५७ मध्ये मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसे. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे, पेटीवर निशाणीचे चित्र चिकटवलेले असे, मतदाराने पडद्याआड जाऊन आपली मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. ज्या बाईला अक्षर ओळखत नव्हते तिला हत्ती ओळखता येत होता. पडद्याआड पाटील नव्हता, मुकादम नव्हता, मळ्याचा मालक नव्हता. महारवाड्यातल्या माणसाला गावात ज्या काही मोजक्या जागी पूर्ण एकांत मिळाला, त्यातली ती एक.

या एकांताची किंमत कळायची असेल, तर जगातले जे पहिले मोठे आधुनिक प्रजासत्ताक म्हणून मिरवते त्या अमेरिकेचे सुरुवातीचे दिवस पाहावेत. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकले. त्या देशाची राज्यघटना आणि तिच्यातल्या फटी त्यांनी जवळून पाहिल्या होत्या. फेब्रुवारी १७८९ मध्ये व्हर्जिनिया राज्यात तिथल्या प्रतिनिधिगृहाची पहिली निवडणूक झाली. राज्यघटनेचा प्रमुख रचनाकार मानला जाणारा जेम्स मॅडिसन एका बाजूला आणि जेम्स मन्रो दुसऱ्या बाजूला. दोघेही पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. मॅडिसनच्या विरोधकांनी मतदारसंघाच्या सीमाच अशा आखल्या होत्या, की तो पडावा. तरीही तो १,३०८ विरुद्ध ९७२ मतांनी जिंकला. मतदान पडद्याआड नव्हते. मतदाराने सगळ्यांसमोर उभे राहून तोंडाने उमेदवाराचे नाव सांगायचे, ते वहीत लिहिले जायचे आणि ज्याला मत दिले तो उमेदवार अनेकदा समोरच बसलेला असायचा. याच मॅडिसनने १७७७ मध्ये मतदारांना दारू पाजायला नकार दिला म्हणून तो राज्याच्या सभागृहाची निवडणूक हरला होता. आपल्याकडे मतदानाच्या आदल्या रात्री काय चालते ते माहीत असलेल्यांना ही गोष्ट परकी वाटणार नाही.

पण खरी गोम पुढे आहे. त्या मतदारसंघात हजारो काळे गुलाम राहत होते. त्यांना मत नव्हते. मात्र कोणत्या राज्याला प्रतिनिधिगृहात किती जागा द्यायच्या, हे ठरवताना त्यांची गणती होत होती. पाच गुलाम म्हणजे तीन माणसे, असा हिशोब घटनेतच लिहिला होता. गुलामांच्या डोक्यांवर दक्षिणेकडच्या राज्यांच्या जागा वाढल्या आणि त्या जागांवर गुलामांचे मालक बसले. मॅडिसन स्वतः गुलामांचा मालक होता. न्यू जर्सी राज्यात तर काही काळ मालमत्ता असलेल्या अविवाहित स्त्रिया आणि स्वतंत्र काळे लोक मतदान करत होते. १८०७ मध्ये कायदा करून तो हक्कही काढून घेण्यात आला.

आपली स्थिती तशी नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. बाबासाहेबांच्या घटनेने पहिल्याच दिवशी प्रत्येकाला समान किमतीचे एक मत दिले, जे अमेरिकेला जमायला पावणेदोनशे वर्षे लागली. तरीही राखीव जागेचे गणित मांडताना तो तीन-पंचमांशाचा हिशोब मला पुन्हा पुन्हा आठवतो. जागा राखीव का होते? आपल्या लोकसंख्येमुळे. आपली डोकी मोजून जागा ठरते. आणि त्या जागेवर कोण बसणार हे कोण ठरवते? मतदारसंघात जे बहुसंख्य आहेत ते. पुणे करारात निदान एक प्राथमिक निवडणूक होती, तिच्यात आधी आपल्या समाजाने चार उमेदवार निवडायचे आणि मग सगळ्यांनी त्यातून एक निवडायचा. नव्या घटनेत तीही राहिली नाही.

आता शिर्डीकडे येऊ. मतदारसंघांच्या फेररचनेत कोपरगाव हे लोकसभेचे नाव गेले आणि २००९ मध्ये राखीव शिर्डी आले. रामदास आठवले काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीच्या पाठिंब्यावर उभे राहिले. समोर शिवसेनेचे भाऊसाहेब वाकचौरे. वाकचौरे यांना ३,५९,९२१ आणि आठवले यांना २,२७,१७० मते पडली. सव्वा लाखाहून अधिक मतांचा फरक! ज्या आघाडीकडे जिल्ह्यातले बहुतेक कारखाने, बँका, दूध संघ आणि शिक्षण संस्था होत्या, तिचा उमेदवार इतका मागे कसा राहतो? आघाडीतल्या स्थानिक मंडळींनी काम केले नाही, अशी जाहीर तक्रार आठवले यांनी केली. दोन वर्षांनी ते शिवसेना-भाजपच्या बाजूला गेले.

आठवले यांच्यावर तेव्हा 'उपरा' असा शिक्का मारला गेला. ते जिल्ह्याबाहेरचे होते हे खरे आहे. पण बी. सी. कांबळे तरी कुठे नगरचे होते? ते मुंबईत राजकारण करणारे. १९५७ मध्ये ते उपरे ठरले नाहीत आणि २००९ मध्ये आठवले ठरले. समितीत फेडरेशन भाषेच्या, जमिनीच्या, मजुरीच्या प्रश्नावर सामील झाले होते, मतदारासमोर एक कार्यक्रम होता. २००९ ची आघाडी एका जागेच्या वाटपाची होती. नेत्यांनी मुंबईत बसून एक राखीव जागा 'रिपब्लिकनला सोडली' आणि लोणी-संगमनेर-कोपरगावच्या कारखान्यांवर निरोप गेला. निरोप खाली पोहोचलाच नाही, किंवा उलटा पोहोचला.

खुल्या जागेवर आपण जिंकू शकतो, याचा दुसरा पुरावा १९९८ चा. तेव्हा प्रकाश आंबेडकर अकोल्यातून, रा. सू. गवई अमरावतीतून, जोगेंद्र कवाडे चिमूरमधून आणि हेच रामदास आठवले उत्तर मध्य मुंबईतून निवडून आले. चौघेही खुल्या जागांवरून. १९५७ असो वा १९९८, दोन्ही वेळा आधी आपले लोक एकत्र होते. आणि दोन्ही वेळा यश पचले नाही. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपूरला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि दोन वर्षांतच दुरुस्त-नादुरुस्त असा वाद पेटला. एका गटाचे नेते दादासाहेब गायकवाड, दुसऱ्याचे बी. सी. कांबळे. खुल्या जागांवरून निवडून आलेले दोन खासदार, नाशिक आणि कोपरगाव, शेजारशेजारचे मतदारसंघ! कम्युनिस्टांबरोबर जाऊन जमिनीचे लढे करावेत की घटनेच्या चौकटीत पक्ष बांधावा, हा वाद वैचारिक होता हे मान्य. पण कोपरगावची जागा मळ्यातल्या मजुराच्या आणि लाल बावट्याच्या साथीनेच मिळाली होती, हे कांबळेसाहेबांच्या गटाने लक्षात घ्यायला हवे होते, असे माझे स्पष्ट मत आहे. १९६० मध्ये महाराष्ट्र मिळाला, समितीचे काम संपले. यशवंतराव चव्हाणांनी बेरजेचे राजकारण करून डाव्यांमधली माणसे काँग्रेसमध्ये ओढली. १९६२ मध्ये कोपरगाव काँग्रेसच्या अण्णासाहेब शिंदे यांच्याकडे गेले. त्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाचा महाराष्ट्रातून एकही खासदार आला नाही. जे तीन आले ते उत्तर प्रदेशातून, दलित-मुस्लिम एकजुटीच्या जोरावर.

दरम्यान नगरचा शेतकरी कारखानदाराविरुद्ध भांडणारा राहिला नाही, तो स्वतः कारखान्याचा सभासद झाला. ऊस तोडणारा आणि उसाचा धनी यांच्यात आता समान शत्रू उरला नाही. १९५७ ची पुनरावृत्ती का होत नाही याचे निम्मे उत्तर या बदलात आहे, निम्मे आपल्या फुटीत.

राखीव जागेवरचा खासदार कोणाला जबाबदार असतो, हा प्रश्न पुस्तकी नाही. १ जानेवारी २०१३ रोजी नेवासा तालुक्यातल्या सोनईत मेहतर समाजाच्या तीन तरुणांची हत्या झाली. नेवासा शिर्डी मतदारसंघात येतो. त्या खटल्यात २०१८ मध्ये नाशिकच्या न्यायालयाने सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. २८ एप्रिल २०१४ रोजी जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात आपल्या शाळकरी मुलाला मारून टाकले. हा तालुका दुसऱ्या, खुल्या मतदारसंघातला. तिथे साक्षीदार फितूर झाले आणि २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. मतदान पडद्याआड असते, साक्ष मात्र आजही त्या जुन्या व्हर्जिनियातल्या मतदानासारखीच द्यावी लागते, सगळ्यांसमोर उभे राहून, नाव घेऊन, आणि संध्याकाळी त्याच गावात परत जाऊन. अशा साक्षीदाराच्या पाठीशी उभा राहणारा लोकप्रतिनिधी हवा असेल, तर तो त्याच्या मतांवर निवडून आलेला असावा लागतो. ज्याला पुढची उमेदवारी कारखान्यावरून मिळणार आहे, तो साक्षीदाराला भेटायला जातो तेव्हाही मागे वळून पाहतो.

२०१४ आणि २०१९ मध्ये सदाशिव लोखंडे निवडून आले. आधी भाजपकडून तेव्हाच्या राखीव कर्जत मतदारसंघाचे तीन वेळा आमदार राहिलेले हे गृहस्थ, राखीव जागांच्या राजकारणात मुरलेले. २०२४ मध्ये त्यांना हरवून वाकचौरे पुन्हा आले. याच निवडणुकीत वंचित बहुजन आघाडीतर्फे उत्कर्षा रूपवते उभ्या होत्या. अकोले तालुक्याच्या दादासाहेब रूपवत्यांची ही नात. त्यांना सुमारे ९० हजार मते पडली आणि त्या तिसऱ्या राहिल्या. आपल्यातल्या काहींनी मते खाल्ली म्हणून बोटे मोडली, काहींनी नैतिक विजय म्हणून पेढे वाटले. दोघांनीही ती मते उघडून पाहिली नाहीत.

प्रत्येक मतदान केंद्रावर कोणाला किती मते पडली, याचा तक्ता निवडणूक आयोग 'फॉर्म २०' या नावाने प्रसिद्ध करतो. अकोले, संगमनेर, शिर्डी, कोपरगाव, श्रीरामपूर, नेवासा या सहा विधानसभा मतदारसंघांचे तक्ते घेऊन बसले, तर त्या ९० हजारांतली किती आपल्या वस्त्यांमधली आणि किती बाहेरची, आदिवासी पट्ट्यात काय झाले, ऊसतोड मजूर ज्या गावांत राहतात तिथे काय झाले, मुस्लिम मोहल्ल्यांत काय झाले, याचा बराचसा अंदाज येतो. बाहेरच्या प्रत्येक मतामागे १९५७ सारखे काहीतरी समान कारण असणार, ते कोणते हे गावोगाव जाऊन विचारता येते. श्रीरामपूर आणि कोपरगावच्या कार्यकर्त्यांनी या पावसाळ्यात एवढे एक काम हाती घ्यावे. तक्ते फुकट आहेत.